मूळ जीप कोणती? महाड-पोलादपूरच्या घाटवाटा आणि एका गाडीचे ऐंशी वर्षांचे आयुष्य

१/
महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. वरंधा घाट येथून भोरकडे चढतो, आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे. डांबरी रस्ता संपला की मातीची वाट आणि त्या वाटेच्या टोकाला एखादी वाडी, ही या मुलखाची जुनी रचना. तळीये हे याच पट्ट्यातील गाव. अशा वाटांवर चढण्यासाठी जी गाडी ओळखली गेली, तिचे नाव जीप.

२/
पडवीलगत ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी जीप घरच्या घरी दुरुस्त करायला घेतली, की पाना हाती धरण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. ही गाडी कोणत्या सालात परत न्यायची? ती कारखान्यातून बाहेर पडली त्या सालात, की ती सर्वांत जास्त राबली त्या सालात? उत्तरासाठी १९४० पासून सुरुवात करावी लागते.

३/
१९४० चा जुलै. युरोपात फ्रान्स पडला होता. अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना शक्ती देणारी टेहळणीची गाडी तातडीने हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली आणि पहिला नमुना देण्यासाठी मुदत मिळाली ४९ दिवसांची. पेन्सिल्व्हेनियातील बँटम या छोट्या, कर्जात बुडालेल्या कंपनीने ती पाळली. कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना लष्कराच्या हाती पडला.

४/
बँटमकडे कल्पना होती, पण मोठा कारखाना नव्हता. ओहायोतील विलीस-ओव्हरलँडकडे डेल्मार 'बार्नी' रूस यांनी सुधारलेले २१९९ घनसेंटिमीटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. मुख्य काम विलीसला मिळाले आणि पुरवठा वाढावा म्हणून फोर्डलाही त्याच आराखड्यावर गाड्या बनवायला सांगितले गेले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर काढल्या.

५/
अट एकच होती. विलीसचा भाग फोर्डला आणि फोर्डचा विलीसला बसला पाहिजे. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, इंग्रजी 'एफ' उठवला. पण रणभूमीवर तीन निकामी जिपांमधून एक चालती जीप उभी करणाऱ्या मेकॅनिकला त्या अक्षराशी कर्तव्य नव्हते. म्हणजे पूर्णपणे 'मूळ' जीप ही कल्पना जन्मापासूनच थोडी डळमळीत आहे. दुसऱ्या गाडीचे अवयव घेऊन जगणे तिच्या आराखड्यातच होते.

६/
भारतात जीप आली ती ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे. युद्ध संपल्यावर शिल्लक लष्करी सामान विक्रीला निघाले आणि 'डिस्पोजलचा माल' हा शब्द बाजारात रूढ झाला. तंबू, बूट, जनित्रे यांच्याबरोबर जीपही नागरिकांच्या हाती आल्या. भारतातील जीप दुरुस्तीची पहिली शाळा या वापरलेल्या, झिजलेल्या गाड्यांवर भरली.

७/
दुरुस्ती केलेल्या जीपवरूनच स्वतंत्र भारतातील पहिल्या मोठ्या खरेदी वादांपैकी एक उभा राहिला. १९४८ मध्ये काश्मीरचे युद्ध चालू असताना लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाख रुपयांचा, नव्याने दुरुस्त केलेल्या लष्करी जिपांचा करार केला. हाती आल्या त्या १५५, आणि त्याही सैन्याने निरुपयोगी ठरवल्या. सरकारने १९५५ मध्ये हे प्रकरण बंद केले. रंगाखाली काय आहे हे न पाहता घेतलेल्या गाडीची ही राष्ट्रीय पातळीवरची गोष्ट.

८/
याच काळात मुंबईत दुसरी गोष्ट घडत होती. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा यांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलाद व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. विलीसच्या जीपचे सुटे भाग बोटीने आणून त्या माझगावात जोडण्याचे काम तिने हाती घेतले.

९/
पुढे जीप भारतातच बनू लागली. येथे सर्वाधिक रुळला तो 'सीजे-३बी' हा नमुना. अमेरिकेत तो १९५३ मध्ये आला. त्याच्या नव्या इंजिनात आत घेणारी झडप वर हेडमध्ये गेली, बाहेर टाकणारी खाली ब्लॉकमध्येच राहिली. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट उंच झाले. जुनी जीप दुरून ओळखण्याची पहिली खूण म्हणजे हे उंच कपाळ. अमेरिकेने १९६८ मध्ये हा नमुना थांबवला. भारतात त्याचे वंशज एकविसाव्या शतकातही बनत होते.

१०/
या गाडीच्या नशिबी दोन्ही प्रकारचे आयुष्य आले. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेल्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडताना धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. इकडे १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप, आरोग्य केंद्राची जीप, वनखात्याची जीप ही ग्रामीण महाराष्ट्राला झालेली सरकारची दृश्य ओळख ठरली.

११/
१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. तेल निर्यातदार देशांनी हात आखडला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. घाट चढताना भरपूर पेट्रोल पिणारी जीप मालकाला परवडेना. महाड-पोलादपूरच्या एखाद्या चढावर घडलेला पुढचा बदल समजून घ्यायचा तर त्याची सुरुवात पर्शियाच्या आखातात शोधावी लागते.

१२/
उपाय शेतातून आला. महिंद्रा समूह १९६० च्या दशकापासून अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बी-२७५ ट्रॅक्टर बनवत होता. त्याच घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये बसले. सुमारे २३५० घनसेंटिमीटरचे, आवाजी, थरथरणारे, पण कमी खर्चात ओढणारे. त्यामुळे त्या काळातील अनेक जिपांच्या बॉनेटखाली खरोखर ट्रॅक्टरचे हृदय आहे.

१३/
१९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्रज्ञानाचे 'एक्सडीपी ४.९०' डिझेल इंजिन आले. त्याचे नाव म्हणजेच त्याचे माप: ४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. कारखान्याने नव्या गाड्यांत ते बसवलेच, पण गॅरेजवाल्यांनी जुन्या पेट्रोल जिपांतही डिझेल इंजिने उतरवली. माउंटिंग बदलले, पत्रा कापला, सायलेन्सरची वाट फिरवली. हे सर्व लेथ, वेल्डिंग आणि नजरेच्या अंदाजावर झाले.

१४/
या स्थित्यंतराचा पुरावा गॅरेजमधील पान्यांत सापडतो. कारागीर इंचाचा आठवा भाग 'सूत' म्हणून मोजतो. विलीसच्या इंजिनाचा बोअर तीन इंच एक सूत, स्ट्रोक चार इंच तीन सूत. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे मापही इंचातलेच. प्यूजोचे इंजिन मात्र मिलिमीटरमध्ये बोलते. एकाच जीपला सुताचे पाने आणि मिलिमीटरचे पाने असे दोन्ही संच लागले, तर समजावे की त्या गाडीत दोन देश आणि दोन कालखंड एकत्र नांदत आहेत.

१५/
आता मूळ प्रश्नाकडे. १९६० च्या दशकातील चॅसी, १९८० च्या दशकातील इंजिन, कुठल्याशा लिलावातील गिअर बॉक्स आणि स्थानिक पत्राकारागिराने ठोकलेली बॉडी, अशी जीप घरी उभी आहे. तिचा 'जीर्णोद्धार' करताना डिझेल इंजिन काढून पुन्हा पेट्रोलचे बसवावे काय? तसे केले तर कारखान्याचा इतिहास परत येतो, पण १९७३ नंतरची तिची सारी वर्षे पुसली जातात.

१६/
महाड तालुक्यातच या प्रश्नाचे भव्य रूप उभे आहे: रायगड. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावरील वाड्यांची राख झाली. आज जोती आहेत, खांबांच्या जागा आहेत, छपरे नाहीत. छपरे पुन्हा घालावीत काय, यावर इतिहासप्रेमी आजही वाद घालतात. वास्तुसंवर्धनाचा १९६४ चा व्हेनिस जाहीरनामा सांगतो की जेथे अंदाज सुरू होतो तेथे पुनर्रचना थांबली पाहिजे, आणि वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली वैध भरही जपली पाहिजे.

१७/
भारतातील वाहन कायद्याने मात्र वेगळी वाट धरली. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न झालेले वाहन म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन किंवा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी नाही.

१८/
नियमाचा हेतू चांगला आहे. मात्र ही व्याख्या शोरूममधून संस्थानिकाच्या गाडीखान्यात गेलेल्या मोटारीला जशी बसते, तशी घाटात राबलेल्या जीपला बसत नाही. जी जीप फारशी वापरली गेली नाही, ती मूळ रूपात राहिली. जी रोज चढली, तिचे इंजिन बदलले, पाटे बदलले, तळ बदलला. म्हणजे ज्या गाडीपाशी सांगण्यासारखा इतिहास अधिक, तीच व्याख्येबाहेर पडण्याचा संभव अधिक. अशा गाडीला सर्वसाधारण पुनर्नोंदणीच्या वाटेने जावे लागते आणि बदललेल्या इंजिनाची नोंद कागदोपत्री असावी लागते.

१९/
म्हणूनच घरच्या जीर्णोद्धाराची पहिली पायरी कागदाची. चॅसीवरील आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहायचे. मग एकही बोल्ट ढिला करण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि वहीत तारीखवार नोंद. उत्खननात मातीचा थर उचलण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञ जे करतो तेच हे काम. थर एकदा उचलला की तो परत ठेवता येत नाही.

२०/
दुसरी पायरी सांगाड्याची. बॉडी उतरवून चॅसी उघडी करायची आणि दोन्ही कर्ण मोजायचे. ते समान नसतील तर चॅसी कधीतरी मुरगळली आहे. कोकणच्या पावसात गंज बाहेरून दिसतो त्याहून आत अधिक असतो. चिखल जेथे अडकून राहतो तेथे पत्रा आतून खाल्ला जातो. युद्धकाळातील जिपांच्या तळाखालील पट्ट्यांत लाकडी ठोकळे बसवलेले असत. तेच पाणी धरून ठेवत आणि भोवतीचे लोखंड कुजवत.

२१/
येथे रंगाचे थर बोलू लागतात. खरवडताना वरचा पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली लष्करी हिरवा असे थर निघाले, तर गाडीच्या मालकीचा क्रम हाती लागतो. सगळा रंग एकदम ग्राइंडरने उडवण्यापेक्षा एका कोपऱ्यात पायऱ्यापायऱ्यांनी घासून थरांची छायाचित्रे घेणे शहाणपणाचे. मग सडलेला पत्रा कापायचा, निरोगी पत्रा ठेवायचा, रेड ऑक्साइड मारायचे. पुट्टीने गंज झाकला तर १९४८ च्या त्या जिपांसारखीच गत होते.

२२/
तिसरी पायरी इंजिनाची. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन बॅटरी लावून थेट फिरवायचे नाही. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून, काही दिवस मुरू देऊन, हाताने हळूहळू फिरवायचे. जुन्या पेट्रोल इंजिनात प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि कार्ब्युरेटर एवढी जागा तपासली की बहुतेक रोग सापडतात. ठिणगीचा क्रम १-३-४-२. बोअर झिजला असेल तर तो वर्कशॉपमध्येच कापून घ्यावा लागतो. घरच्या कामाची मर्यादा तेथे येते आणि ती मान्य करण्यात कमीपणा नाही.

२३/
एका ठिकाणी मात्र इतिहासाने माघार घेतली पाहिजे: ब्रेक आणि स्टिअरिंग. रबरी वॉशर, ब्रेक होज, ब्रेकचे अस्तर, झिजलेले किंग पिन जुने म्हणून जपायचे नसतात. घाटात उतरताना पुढची चाके फडफडू लागली तर मागाहून पस्तावण्यास वेळ मिळत नाही. जुन्या ब्रेक आणि क्लच अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. काढलेला जुना भाग जपायचा असेल तर तो फळीवर जपावा, चाकात नव्हे.

२४/
मग इंजिन पेट्रोलचे की डिझेलचे? गाडीची कागदपत्रे, रंगाचे थर आणि जोडकामाच्या खुणा जे सांगतात त्यावरून ठरवावे. डिझेल इंजिन कारखान्यातून आलेले असेल तर तेच तिचे मूळ. मागाहून बसवलेले, पण दशकानुदशके चाललेले असेल, तर ते तिच्या आयुष्याचा अस्सल थर आहे. पेट्रोल इंजिन परत आणण्याचा निर्णय घेतलाच, तर काढलेले इंजिन, त्याची माउंटिंग आणि नोंदी जपून ठेवाव्यात. पुढच्या पिढीला निर्णय उलटवता आला पाहिजे.

२५/
या गाड्यांचा साठा मर्यादित आहे. केंद्राच्या नियमानुसार १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरणास पात्र राहिली नाही. ती मोडीत काढायची आहेत. एकेकाळी सरकारी लिलावातून जुनी जीप सुटे भाग म्हणून किंवा अख्खी गाडी म्हणून लोकांच्या हाती येई. तो झरा आटतो आहे. प्रदूषणाचा प्रश्न खरा आहे, त्यामुळे हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण म्हणूनच जी गाडी उरेल तिच्या नोंदी उरणे अधिक महत्त्वाचे.

२६/
व्हिंटेज नियम निघाल्यानंतर अवघ्या सात दिवसांनी, २२ जुलै २०२१ रोजी, या मुलखावर आभाळ कोसळले. सावित्री आणि गांधारीच्या पुरात महाड शहर बुडाले. बुडालेल्या वाहनांबाबत एक साधा नियम आहे: स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग किंवा इंजेक्टर काढून, हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचे, मग इंजिन, गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस, दोन्ही ॲक्सल यांतील सर्व तेल बदलायचे. जुन्या जीपला यातून परत आणता येते, कारण तिच्यात उघडता येणार नाही असे फारसे काही नाही.

२७/
त्याच दिवशी तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. रस्त्यांवर पाणी आणि दरडी होत्या. बचावपथके पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. कोणत्याही चारचाकीने, चारही चाकांना शक्ती असली तरी, तो रस्ता पार करता आला नसता. जीपची थोरवी सांगताना ही मर्यादाही सांगितली पाहिजे. वाट असेल तर ती वाईट असली तरी जीप चालते. वाटच राहिली नाही तर माणूस पायी निघतो.

२८/
वाचलेल्यांसाठी नवी घरे बांधली गेली. पण वाडीचे पुनर्वसन होते, जीर्णोद्धार होत नाही. कोणते घर कोठे होते, वाट कोणत्या झाडावरून वळत होती, हे आता आठवणीत आणि थोड्या छायाचित्रांत आहे. जीपच्या बाबतीत ती संधी अजून हातात आहे. वही उघडून पहिल्या पानावर चॅसी क्रमांक लिहावा, दुसऱ्यावर गाडी कोणाकोणाकडे होती ते, तिसऱ्यावर ती कोणत्या वाडीपर्यंत जात असे ते. मग पाना हाती घ्यावा.